साडेबावीस इंचांचा संच: विजेवरची हवाईयन गिटार घरी बांधताना

विजेवर चालणारी लॅप स्टील गिटार घरच्या घरी बांधता यावी म्हणून तिच्या सुट्या भागांचा तयार संच ऑनलाइन मिळतो. तो मी गेल्या हिवाळ्यात मागवला, इंदुरातल्या घरी बसून जोडला, जोडल्यावर पुन्हा उकलला, त्यातले निम्मे भाग बदलून नव्याने बांधला, आणि आता आठ-नऊ महिने त्यावर रोज संध्याकाळी वाजवतो आहे. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण हाच संच, अशाच खोक्यात, वेगवेगळ्या नावांनी विकला जाताना मी पाहिला आहे, आणि त्यातले गुणदोष नावाचे नसून वस्तूचे आहेत. माझे मत आधीच सांगतो: सूर लावायच्या चाव्या, घोडी (उजव्या टोकाला तारा पेलणारा आधार) आणि पिकअप (तारांचे कंपन विजेत उतरवणारा भाग) एवढ्यांसाठी हा संच घेण्याजोगा आहे, लाकूड, नट (चाव्यांकडच्या टोकाला तारा पेलणारी खाचांची पट्टी), तारा आणि आतली विजेची जोडणी यांच्या भरवशावर मात्र तो घेऊ नये. संचाला मी ७,२०० रुपये दिले, आणि बदललेल्या भागांवर आणखी साधारण तीन हजार खर्च झाले.

इंदुरात माझ्या वयाच्या लोकांपुढे ‘लॅप स्टील’ हा शब्द उच्चारला तर कोणाला काही उमगत नाही, पण ‘हवाईयन गिटार’ म्हटले की लगेच ओळख पटते. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या आणि त्यांतून गळ्यासारखे निघणारे सिनेमाचे गाणे, हे आम्ही गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदांत लहानपणापासून ऐकले आहे. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी याच वाद्यावर रागसंगीत किती गंभीरपणे मांडता येते ते दाखवले, आणि त्यानंतर विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या, म्हणजे न छेडता झंकारणाऱ्या, तारा जोडून त्याला मोहनवीणेचे रूप दिले. मी वाजवणारा हौशी आहे, परंतु ज्या शहरात ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ लहानाचे मोठे झाले, त्या शहरातल्या कानाला संथ आलापाची आणि लांब मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याची, ओढ असणे स्वाभाविक आहे. आणि मींड जर कोणत्या परदेशी वाद्याने जन्मतःच अंगी बाणवली असेल, तर ती याच वाद्याने.

घरी बांधण्यासाठी हेच वाद्य का निवडावे, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. साधी गिटार बांधायची तर मानेचा बाक, पडद्यांची उंची आणि तार दाबताना बदलणारा तिचा ताण अशा गोष्टी केसभर चुकल्या तरी वाद्य बेसूर होते. लॅप स्टीलमध्ये तार लाकडावर दाबायची नसतेच. तारा लाकडापासून चांगल्या नऊ-दहा मिलिमीटर उंच असतात, त्यांच्यावर कांडी नुसती टेकवून सरकवायची असते, आणि लाकडावर आखलेल्या रेघा केवळ डोळ्यांना वाट दाखवण्यासाठी असतात. म्हणजे एक ताठ फळी, दोन टोकांना तारा पेलणारे दोन पक्के आधार, एका बाजूला चाव्या आणि तारांखाली एक पिकअप, एवढे असले की वाद्य झाले. जगात बाजारात आलेल्या पहिल्या विजेच्या गिटारींपैकी एक हीच होती, हा योगायोग नव्हे. पोलादी कांडी तारांवर सरकवण्याची पद्धत हवाई बेटांवर जोसेफ केकुकू याच्यापासून रूढ झाली, असे सामान्यतः मानले जाते. तिला विजेची जोड १९३०च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी अमेरिकेत दिली. त्यांची गिटार ॲल्युमिनियमची ओतीव होती आणि आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत; तिचे पेटंट १९३७ साली मिळाले. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने ते ॲल्युमिनियम प्रसरण पावे आणि वाद्य सुरातून ढळे, अशी तक्रार तेव्हापासून आहे. इंदूरचा मे महिना सोसलेल्या माणसाला लाकूडच का हवे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता खोक्यातल्या वस्तूंकडे वळतो. सहा चाव्या झाकलेल्या दात्यांच्या आहेत आणि या किमतीला त्या आश्चर्य वाटण्याइतक्या चांगल्या आहेत. आठ महिन्यांत एकही दाता घसरलेला नाही, आणि सूर लावून ठेवला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकतो. घोडी जाड पोलादी पत्र्याची असून तिला चार स्क्रू आहेत, ती हलत नाही. पिकअप एकेरी वेटोळ्याचे आहे. मल्टिमीटरवर त्याचा रोध सुमारे ६ किलोओहम भरला, जो अशा पिकअपला साजेसा आहे. एवढे तीन भाग मी जसेच्या तसे ठेवले आहेत. बाकीच्या बहुतेक वस्तूंविषयी तसे म्हणता येत नाही.

सर्वांत गंभीर दोष मापाचा होता, आणि तो मला नव्हे, माझ्या मेहुण्यांना आधी ऐकू आला. ते हार्मोनियम वाजवतात. पहिल्यांदा जोडून झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने बाराव्या रेघेवर कांडी ठेवून तार छेडली, तेव्हा ते म्हणाले, “भाऊजी, तुमचा वरचा सा उतरतोय.” मला वाटले हात चुकला. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. मग पोलादी पट्टी घेऊन मोजले. लाकडावर छापलेल्या रेघा साडेबावीस इंच, म्हणजे ५७१.५ मिलिमीटर लांबीच्या तारेसाठी होत्या, आणि घोडीसाठी आधीच पाडलेली भोके मात्र अशा जागी होती की नटपासून घोडीपर्यंतचे प्रत्यक्ष अंतर ५७५.५ मिलिमीटर भरत होते. बारावी रेघ तारेच्या बरोबर मध्यावर असायला हवी. ती मध्यापासून दोन मिलिमीटर नटच्या बाजूला राहिली होती. दोन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटते, पण त्या जागी त्याचा अर्थ सुमारे १२ सेंट होतो, आणि शंभर सेंटांचा एक अर्धस्वर धरला तर हा आठवा हिस्सा झाला. हार्मोनियमच्या सोबतीने वाजवताना तो कोणालाही टोचेल. संच घेणाऱ्या प्रत्येकाने स्क्रू पिळण्यापूर्वी हे एक मोजमाप करावेच: नटच्या कडेपासून बाराव्या रेघेपर्यंतचे अंतर आणि बाराव्या रेघेपासून घोडीवर तार टेकते त्या बिंदूपर्यंतचे अंतर अगदी सारखे असले पाहिजे. नसेल, तर रेघांना नव्हे, घोडीला हलवावे.

रेघांवरूनच मी बराच काळ अडून राहिलो, आणि या साऱ्या खटाटोपात मला सर्वाधिक आनंदही तेथेच मिळाला. संचातल्या रेघा अर्थातच समान अंतरांच्या पाश्चात्त्य स्वरसप्तकाप्रमाणे आहेत. प्रत्येक अर्धस्वराला उरलेली तार एकाच प्रमाणात आखूड होते. परंतु ज्या वाद्याला पडदेच नाहीत, त्याने त्या सप्तकाचे बंधन का मानावे? तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गांधार षड्जाच्या सव्वापट कंपनसंख्येचा असतो, म्हणून त्यासाठी तारेचा पाचवा हिस्सा सोडून चार हिस्से वाजले पाहिजेत. ५७१.५ मिलिमीटरचा पाचवा हिस्सा ११४.३ मिलिमीटर होतो. छापील चौथी रेघ मात्र नटपासून ११७.९ मिलिमीटरवर आहे. साडेतीन मिलिमीटरांहून जास्त अंतर, म्हणजे कांडीच्या टोकाने सहज दिसेल आणि कानाला तर फारच दिसेल एवढे. कोमल गांधारात फरक उलट दिशेने पडतो: सहाव्या हिश्शावर, ९५.२५ मिलिमीटरला, तो लागतो आणि तिसरी रेघ ९०.९ मिलिमीटरवर आहे. शुद्ध धैवत रेघेच्या तीन मिलिमीटर अलीकडे येतो. मध्यम आणि पंचम मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळतात, आणि म्हणूनच केवळ मध्यम-पंचम तपासून कोणी ‘रेघा बरोबर आहेत’ असे म्हणू लागला तर त्याची समजूत चुकीची नसली तरी अपुरी असते.

मी छापील पट्टी काढून टाकली आणि सागवानावर रेघा स्वतः आखल्या. पाश्चात्त्य बारा रेघा बारीक, पेन्सिलीच्या रुंदीच्या ठेवल्या, कारण हार्मोनियमच्या साथीला त्या लागतात. आणि त्यांच्या शेजारी शुद्ध गांधार, कोमल गांधार, शुद्ध धैवत आणि कोमल ऋषभ यांच्या जागी पितळेच्या बारीक तारेचे तुकडे खाचेत बसवले. दरबारीचा गांधार या खुणांतही मावत नाही, तो त्यांच्याही खाली झुलतो, पण निदान कोठून खाली जायचे हे हाताला कळते. यमन वाजवताना पितळी खुणेवर कांडी टेकली आणि तानपुऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप ऐकू येतो त्याच्याशी आपला गांधार मिसळून एक झाला, तेव्हा त्या साडेतीन मिलिमीटरांसाठी घालवलेले चार रविवार मला मुळीच जास्त वाटले नाहीत.

संचातली फळी हलक्या, मऊ, फिकट लाकडाची आहे. नख रोवले तर ठसा उमटतो. तिच्यात एक पोकळ, क्षणात विझणारा नाद आहे, आणि चाव्यांच्या बाजूला तारांच्या ओढीने ती दोन आठवड्यांत किंचित वाकल्याचे पोलादी पट्टी ठेवून दिसले. सहा तारांचा एकत्र ताण ५० किलोच्या आसपास जातो. तो वर्षानुवर्षे सोसायचा तर लाकूड घट्ट आणि मुरलेले हवे. मध्य प्रदेशात राहून परदेशी मऊ लाकडावर का भिस्त ठेवायची, हा विचार मला तेथेच सुचला. आमच्या जुन्या घराच्या दाराची सागवानी चौकट माळ्यावर पडून होती. तिचा एक तुकडा शेजारच्या सुतार मिस्त्रींकडे नेला. ८१ सेंटिमीटर लांब, साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि ३८ मिलिमीटर जाड अशी फळी त्यांनी रंधून दिली, आणि पिकअपसाठीचा खळगा पटाशीने इतका चौरस काढला की मशीनने काढला असे वाटावे. त्यांनी एक गोष्ट न विचारता सांगितली आणि ती फार उपयोगी पडली: जुना साग तेलकट असतो, म्हणून डिंक किंवा चिकटपट्टी लावण्याआधी ती जागा थिनरने पुसून घ्यावी, नाहीतर काही दिवसांत सारे सुटून येते. वरून फक्त चपड्याचे पॉलिश केले, सहा हात. वाद्य आता जड झाले आहे, दोन किलोंच्या वर भरते, पण मांडीवर ठेवून वाजवायच्या वस्तूला वजन असणे हा गुणच आहे. ती घसरत नाही, आणि सूर पूर्वीच्या दुप्पट वेळ रेंगाळतो असे माझ्या कानाला वाटते. हा सुधार केवळ लाकडाचा की नव्या नटचाही, हे मी वेगळे करून पाहिलेले नाही.

नट हा या वाद्यातला दिसायला सर्वांत साधा आणि प्रत्यक्षात सर्वांत निर्णायक भाग आहे. संचातला नट प्लास्टिकचा आहे आणि त्याच्या सहाही खाचा सारख्याच खोल कापलेल्या आहेत. साध्या गिटारीवर हे चालून जाते. येथे मात्र कांडी सरळ आणि ताठ असते, त्यामुळे तारांचे वरचे पृष्ठ एका पातळीत यावे लागते. माझी सर्वांत जाड तार ०.०५६ इंचाची आणि सर्वांत बारीक ०.०१५ इंचाची आहे. म्हणजे जाड तारेची खाच बारीक तारेच्या खाचेपेक्षा सुमारे एक मिलिमीटर अधिक खोल हवी. तसे नसेल तर कांडी जाड तारांवर टेकते, बारीक तारांवर अर्धवट तरंगते आणि भुंग्यासारखा खरखराट ऐकू येतो. पहिले तीन आठवडे मी तो दोष माझ्या हातात शोधत होतो. नवशिक्याला वाद्यापेक्षा स्वतःचा हात दोषी वाटणे साहजिक आहे, आणि संच बनवणाऱ्याने निदान एवढ्याचा विचार करायला हवा होता. सियागंजातून ॲल्युमिनियमच्या अँगलचा वीतभर तुकडा आणला, त्याचा नट केला, त्यात बारीक कानशीने खाचा काढल्या, आणि प्रत्येक खाच काढल्यावर तारांवर पोलादी पट्टी आडवी ठेवून मागून उजेड धरला. उजेड कोठूनही फटीतून येईनासा झाला, तेव्हा खरखर संपली होती.

विजेच्या जोडणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लाकडाचे काम करू शकणारे अनेक लोक येथे हात टेकतात. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. पण हेच वेढे घरातल्या ट्यूबलाइट, पंख्याचे रेग्युलेटर आणि इन्व्हर्टर यांच्या तारांतली ५० हर्ट्‌झची गुणगुणही तेवढ्याच आनंदाने उचलतात. संचासोबतच्या आकृतीप्रमाणे जोडल्यावर ॲम्प्लिफायरमधून इतकी घरघर येत होती की मंद्र सप्तक त्यात बुडून जाई. तारांना हात लावला तरी ती कमी होत नसे, जॅकच्या धातूला हात लावला की मात्र कमी होई. हे लक्षण निश्चित आहे: तारा आणि घोडी जमिनीच्या जोडणीला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेल्या नाहीत. आकृतीत ती तार दाखवलेलीच नव्हती. घोडीच्या पत्र्याखाली एक उघडी तार दाबून ती व्हॉल्यूमच्या पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रोधकाच्या) पाठीला झाळली, पिकअपचा खळगा तांब्याच्या चिकटपट्टीने आतून मढवला आणि ती पट्टीही त्याच ग्राउंडला जोडली. घरघर जवळजवळ गेली. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये ती संपूर्ण जाणे शक्य नसते, पण वाद्याचे तोंड ट्यूबलाइटपासून थोडे वळवून बसले की उरलेलीही ऐकू येत नाही. येथे एक सूचना अगदी गांभीर्याने करतो: तारा ग्राउंडला जोडल्यावर वाजवणाऱ्याचे दोन्ही हात सतत ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी विजेने जोडलेले असतात, म्हणून ज्या प्लगमध्ये ॲम्प्लिफायर लावायचा त्याचे अर्थिंग खरोखर चालू आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय वाजवायला बसू नये. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात पुष्कळदा काहीच जोडलेले नसते.

व्हॉल्यूमचा पॉट ५०० किलोओहमचा, सरळ चढणीचा होता. सरळ चढणीच्या पॉटमध्ये आवाज पहिल्या थोड्या फिरकीतच वर चढून जातो आणि पुढच्या फिरकीत फारसा बदल जाणवत नाही. हे येथे फार अडचणीचे आहे, कारण या वाद्यावर करंगळीने व्हॉल्यूम फिरवून तारेचा आघात झाकायचा आणि सूर शून्यातून उमलल्यासारखा आणायचा, ही एक रीतच आहे. जेल रोडवर २५० किलोओहमचा, कानाच्या चढणीचा पॉट मिळाला. तेथे त्याला ‘लॉग’ पॉट म्हणून मागावे. तो बसवला आणि त्याची जागाही बदलली, कारण मूळ फळीवर तो उजव्या हातापासून इतका दूर होता की करंगळी तेथे पोहोचतच नव्हती. पिकअपही घोडीपासून थोडे दूर सरकवले. घोडीजवळ तार फार थोडी हलते आणि तिच्यातले वरचे उपस्वरच अधिक उमटतात, म्हणून तेथला आवाज पातळ आणि धातूसारखा येतो. दीडेक सेंटिमीटर पुढे घेतल्याबरोबर आवाजात भरीवपणा आला. टोनसाठी संचात दिलेला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही.

संचातल्या तारा म्हणजे सरळ बाजारातला साध्या गिटारीचा बारीक जोड, ०.०१० पासून ०.०४६ पर्यंतचा. इतक्या आखूड लांबीवर त्या लोंबकळल्यासारख्या वाटतात. मी वाद्य पांढरी दोनमध्ये लावतो, म्हणजे पाश्चात्त्य डी हा माझा षड्ज, आणि जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत क्रम सा प सा ग प सा असा असतो. पाश्चात्त्य लोक यालाच ओपन डी म्हणतात. वरच्या षड्जाला ०.०१० इंचाच्या तारेवर फक्त साडेचार किलोच्या आसपास ताण येतो, तेच ०.०१५ च्या तारेवर दहा किलो येतो, आणि कांडीखाली तार दबत नाही. मी ०.०१५, ०.०१८, ०.०२२, ०.०३०, ०.०४२ आणि ०.०५६ असा क्रम ठरवला. अशा तारा इंदुरात एका दुकानात एकत्र मिळाल्या नाहीत. चार येथे मिळाल्या, दोन बाहेरून मागवाव्या लागल्या. रागाप्रमाणे मधल्या तारा हलवाव्या लागतात, आणि हे त्रासाचे असले तरी टाळता येण्याजोगे नाही. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून पंचमाच्या दोन्ही तारा मध्यमावर उतरवायच्या आणि गांधाराची तार कोमल करायची. मारव्यात पंचम नाही म्हणून तेथे धैवत लावला तर छान चालतो. पाश्चात्त्य वादकांची आवडती सी सिक्स्थ ही मांडणी आपल्या भाषेत सा ग प ध सा ग अशी होते; सिनेमाच्या गाण्यांना ती सोयीची, परंतु मोकळ्या तारांत धैवत सतत हजर असल्याने रागाला ती जाचक ठरते.

कांडी. संचातली कांडी म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेली पोकळ नळी आहे, आणि ती सरळ बाजूला ठेवून द्यावी. पोकळ कांडीखाली तारेचे टोक पक्के होत नाही, सूर लगेच मरतो, आणि मींड घेताना नळी तारांवर नाचते. सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडून २० मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या दांड्याचा ७५ मिलिमीटरचा तुकडा कापून, एक टोक गोल करून आणि आरशासारखा घासून घेतला. वजन सुमारे १८५ ग्रॅम. त्याने दीडशे रुपये घेतले आणि हे कशासाठी ते कळल्यावर पुन्हा एकदा मशीनवर चढवून कडा आणखी गुळगुळीत करून दिल्या. एवढ्या खर्चात वाद्यात इतका मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही गोष्टीने पडला नाही; कोणाला आणखी काहीच बदलायचे नसेल तरी ही एक वस्तू बदलावी.

ॲम्प्लिफायरविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. सरावासाठी मिळणारा कोणताही लहान गिटार ॲम्प्लिफायर पुरतो, फक्त त्यातली गुरगुर वाढवणारी बटणे शून्यावर ठेवावीत. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, थोडा असला तर बरे वाटते.

संच परत करण्याची सोय सात दिवसांची होती, आणि भोकांची चूक मला दहाव्या दिवशी कळली. छायाचित्रे व मापे पाठवली. उत्तर आले, पण त्यात मोजमापाविषयी एक शब्द नव्हता, पुढच्या खरेदीवर सवलत देऊ एवढेच होते. ज्या वस्तूत एक छापील रेघ आणि चार भोके यांचे नाते चुकले की वस्तूच निकामी होते, ती वस्तू विकणाऱ्याने ते नाते खोक्यात भरण्यापूर्वी तपासलेच पाहिजे. माझ्याकडे सुतार होते, कानस होती आणि वेळ होता. ज्याने मुलाच्या वाढदिवसाला हा संच घेतला असेल, त्याच्या घरी ती गिटार ‘काही नीट वाजत नाही’ म्हणून कपाटावर गेली असण्याची शक्यता मला फार खटकते, कारण दोष त्या मुलाचा नसेल आणि ते कोणी त्याला सांगणारही नाही.

म्हणून ज्यांना हा संच घ्यायचा आहे, त्यांनी तो आल्या दिवशीच उघडावा, सहा चाव्या फिरवून पाहाव्यात, पिकअपच्या दोन तारांना मल्टिमीटर लावावा, घोडी भोकांवर नुसती ठेवून बारावी रेघ मोजावी, आणि मगच परतीची मुदत जाऊ द्यावी. ज्यांच्याजवळ जुने सागवान आणि ओळखीचा सुतार आहे, त्यांनी पूर्ण संच न घेता चाव्या, घोडी आणि पिकअप एवढेच सुटे मागवावेत. हिशेब जवळपास निम्म्यावर येतो.

पावसाळ्यात सागाची फळी तसूभरही हलली नाही, हे मी पट्टी ठेवून तीनदा पाहिले. तारा मात्र गंजल्या, आणि गंजलेल्या तारेवर कांडी सरकवली की वाळूवरून चालल्यासारखा आवाज येतो. गणपतीच्या आधल्या आठवड्यात सहाही तारा बदलल्या. आता वाजवून झाले की सुती फडक्याने वरून आणि खालून पुसतो आणि मगच वाद्य खोळीत घालतो.